लाभाची अपेक्षा आणि मातीचा अभिमान

मराठी समीक्षेने ‘लाभ’ हा शब्द व्यापाऱ्याच्या चोपडीत ढकलून दिला आहे. परदेशी निघालेल्या माणसाच्या मनात लाभाची अपेक्षा आहे एवढे दिसले, की त्याची मातीशी नाळ तुटली, असा निवाडा आपण देऊन टाकतो. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ नाटकानंतर तर अमेरिकेत गेलेला मुलगा आणि इकडे एकाकी झालेले आईवडील हा आपल्या नाटक-कथांचा ठरलेला साचाच झाला. त्या नाटकातील वेदना खरी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु पांढरपेशा घरातील एका वेदनेला स्थलांतराचे सार्वत्रिक सत्य मानणे हे समीक्षेचे दृष्टिदौर्बल्य होय.

ही अपेक्षा निःसंकोचपणे बोलून दाखविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आनंदीबाई जोशी यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर व्याख्यान देऊन आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची निकड आहे आणि ते शिक्षण आपल्याला येथे हवे तसे मिळण्याची सोय नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात क्षमायाचना नव्हती. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. अपेक्षित लाभ पदरात पडला नाही, म्हणून ती अपेक्षा हीन ठरते काय? पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतून विचार आणले, तसा निधीही आणला. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. लाभाला नाक मुरडणाऱ्यांनी त्या सदनातील विधवांचाही विचार करावा.

याहून निर्णायक साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जातिसंस्थेच्या उगमाविषयीचा त्यांचा निबंध १९१६ मध्ये तेथील परिसंवादात वाचला गेला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या विद्वानाला शहरात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे तेथूनही निघावे लागले. परदेशातील वास्तव्यात आपल्या अस्पृश्यत्वाची जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशा आशयाची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. त्या आत्मपर लेखनाचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे शीर्षक आपल्या समीक्षेने नीट वाचलेले दिसत नाही. परवान्यासाठी ताटकळणे परदेशाच्या नव्हे, स्वदेशाच्या दारात होते.

म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे. मातीची ओढ हे मूल्य मानायचे, तर ती माती कोणाला जवळ करीत होती, हे आधी तपासावयास नको काय? ज्याला गावात पाणवठा, वाडा आणि मान होता, त्याच्या स्मरणरंजनाला ‘अस्सलता’ म्हणावयाचे, आणि ज्याला यांपैकी काहीच नव्हते त्याच्या दूरदेशीच्या आशेला ‘उपभोगवाद’ म्हणावयाचे, हा न्याय वाङ्मयीन नाही. तो सामाजिक पक्षपात आहे.

यावर असे म्हटले जाईल, की ती ध्येयवादी माणसे होती. आजचा तरुण पैशासाठी जातो. जात असेल. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर पाठविणाऱ्या कोकणी चाकरमान्याला आपण कधी द्रोही म्हटले नाही. मग रत्नागिरीहून आखाती देशांत गेलेल्या कामगाराच्या कमाईने बहिणीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला, तर त्या आशेत असंस्कृत ते काय? परंतु आपल्या साहित्यातील ‘परदेश’ प्रायः अभियंत्याच्या अमेरिकेपाशीच थांबतो. या कामगाराला तेथे क्वचितच जागा मिळते.

आशा फसते, हेही खरे. दलाल लुबाडतात, मालक पारपत्र काढून घेतो, वर्णद्वेषाची झळ लागते. साहित्याने हे सारे निर्भयपणे लिहावे. अपेक्षेची परीक्षा घेणे हे त्याचे कामच आहे. मात्र परीक्षा घेणे वेगळे आणि अपराधी ठरविणे वेगळे. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शासकीय शिष्यवृत्ती मिळवून परदेशी जाण्याच्या तयारीत असलेला विद्यार्थी उद्या आपला अनुभव लिहील. त्याच्या लेखनात विरहाचा हुंदका नाही म्हणून समीक्षेने त्याला उपरा ठरवू नये. त्याला कोणता लाभ हवा होता आणि तो येथे का मिळाला नाही, हे तिने आधी विचारावे.