कुलवृत्तांतांतील अनुक्रमांक

छत्रपती संभाजीनगर येथें औरंगपुऱ्यांत आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार होत असून वंशावळ संगणकावर उतरविण्याचें काम त्यांच्या सूनबाईंनीं पत्करलें आहे. गेल्या महिन्यांत आम्ही सहज गेलों, तेव्हां त्या अगदीं हताश होऊन बसल्या होत्या. क्रमांक सारे हातानें लिहिलेले. एक राहून गेलेलें नांव मध्यें घालतांच पुढील सर्व आंकडे बदलणें प्राप्त झालें, आणि त्या गडबडींत एक चुलत आजोबा आपल्याच पुतण्याच्या पोटीं जन्मास आले!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. कुलवृत्तांतांत क्रमांक म्हणजेच नातें. मूळपुरुष १ धरला तर १.२.३ म्हणजे त्याच्या दुसऱ्या अपत्याचें तिसरें अपत्य. अमेरिकेंतील रेजिनाल्ड हेन्री यांनीं १९३५ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यांचा ग्रंथ रचतांना असेच आंकडे, पण ठिपक्यांवांचून, योजिले. त्यामुळें दहाव्या अपत्यास आंकड्याऐवजीं अक्षर द्यावें लागे. फ्रान्समधील जाक दाबोव्हिल यांनीं १९४० सालीं आंकड्यांमध्यें ठिपके घातले व ती अडचण दूर झाली.

‘वर्ड’मधील बहुस्तरीय यादी नेमकी हीच पद्धत चालविते. तिच्या प्रत्येक पातळीस एकेक परिच्छेद-शैली जोडावी. शैलींचीं नांवें ‘पिढी १’, ‘पिढी २’ अशीं ठेवावींत. अंकांचा प्रकार हिंदी निवडला कीं देवनागरी आंकडे उमटतात. मग नांवास शैली दिली म्हणजे क्रमांक आपोआप पडतो, आणि मध्यें नवें नांव आलें तर पुढचे क्रमांक आपण होऊन सरकतात. मात्र पातळ्या नऊच मिळतात; दहावी पिढी आली म्हणजे त्या शाखेची नवी यादी सुरू करावी. टीपांपुढील ठिपका चिन्हांच्या खास फाँटांतून न घेतां साधा युनिकोड ठिपका घ्यावा, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचा चौकोन होत नाहीं.

हा खटाटोप प्रत्येक शाखेच्या फायलींत पुन्हां करणें नको, म्हणून मॅक्रो. व्हिज्युअल बेसिक भाषेंत लिहिलेली ती आज्ञांची चिठ्ठी होय. एक कळ दाबतांच नवही पातळ्यांची योजना लागते. तिच्यांत देवनागरी अक्षरें थेट लिहिलीं तर तीं बहुधा प्रश्नचिन्हें होतात. त्यांचे युनिकोड आंकडेच द्यावे लागतात. साचा डीओटीएम प्रकारांत जतन करावा. डीओटीएक्स प्रकारांत मॅक्रो राहत नाहीं. आणखी एक सावधगिरी: इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून मुळांतच अडविले जातात. साचा ज्यानें पाठविला त्यास फोन करून खात्री पटल्यावांचून ही अडवणूक काढूं नये.

साचा सिद्ध झाल्यावर सूनबाईंनीं सासऱ्यांस विचारलें, “मामंजी, मुलींना क्रमांक द्यायचा कीं नुसता ठिपका?”

“जुन्या वंशावळींत मुलींना क्रमांक नसे,” ते म्हणाले.

आम्हांस राहवलें नाहीं. आम्ही म्हटलें, ज्या मुलीस क्रमांक नाहीं तिचीं मुलें कोठें लिहावयाचीं? तेथेंच तो धागा तुटतो. जुन्यांपाशीं हस्तलिखित होतें व कागदावर जागा थोडी होती, असें एक वेळ म्हणतां येईल. आज तें निमित्तही उरलेलें नाहीं.

मामंजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “सूनबाई, आधीं आमच्या ताईला लिही. ती माझ्याहून चार वर्षांनीं वडील.”

सूनबाईंनीं ताईंचें नांव वर घातलें. त्यासरशी घरांतील थोरल्या चिरंजीवांचा क्रमांक एकावरून दोनावर गेला, आणि त्यांच्या मुलानातवंडांचे आंकडेही त्यांच्यामागून मुकाट्यानें बदलले. “हें पूर्वींच व्हायला हवें होतें,” असें म्हणून त्यांनीं चष्मा पुसला.

ज्या वाचकांकडे असें काम चालू असेल त्यांनीं साचा करण्यापूर्वींच या प्रश्नाचा निकाल लावावा. यंत्र क्रमांक मोजून देतें. मोजावयाचें कोणास, हें घरानेंच ठरवावयाचें असतें.