तपासनीसांना चकवणारा मिस्त्री

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं डेटोना म्हणजे मोटारशर्यतींचं पंढरपूर. तिथला एक किस्सा शर्यतीच्या शौकिनांना तोंडपाठ आहे. साल १९६८. शर्यतीआधी गाड्यांची कसून तपासणी चाललेली. एका शेव्हर्ले गाडीवर तपासनीसांचा आधीपासूनच डोळा. तिच्या टाकीत काहीतरी गौडबंगाल असणार, अशी त्यांची खात्री. त्यांनी टाकीच उतरवून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मग गाडीतल्या नऊ दोषांची यादी मालकाच्या हातात ठेवली. तो गृहस्थ शांतपणे गाडीत बसला, ‘नऊ कशाला, दहा लिहा’ म्हणाला आणि गाडी सुरू करून भुर्रकन निघून गेला. टाकी मात्र मागे, तपासनीसांच्या पायाशी!

या किश्शात तेल-मीठ किती आणि खरं किती, यावर आजही वाद होतात. पण तो वर्षानुवर्षं खपला, कारण त्यातल्या मिस्त्रीचं नाव होतं स्मोकी यूनिक. त्याच्या बाबतीत लोक काहीही खरं मानायला तयार असत.

त्याचं खरं नाव हेन्री. जन्म १९२३चा. लहानपण पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर गेलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि शेतीचा भार अंगावर पडला. पोराने भंगारातल्या मोटारीचे सुटे भाग जमवून चक्क ट्रॅक्टर बनवला. फावल्या वेळात तो मोटरसायकलच्या शर्यतीत उतरे. त्याची गाडी इतका धूर ओके, की लोकांनी त्याचं नावच ‘स्मोकी’, म्हणजे ‘धुरकट’ ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-१७ हे अजस्र बॉम्बफेकी विमान चालवलं. युद्ध संपल्यावर स्वारी डेटोना बीच या गावी येऊन स्थिरावली आणि १९४७ साली तिने गॅरेज थाटलं. दारावर पाटी लावली, तिचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘गावातलं एक नंबरचं गॅरेज’. मूळ पाटीत एक कचकचीत शिवीही होती! अंगात पांढरे कपडे, डोक्यावर चुरगळलेली हॅट आणि तोंडात पाइप, ही त्याची ओळख.

पाटीवरची बढाई त्याने खरी करून दाखवली. त्याने सज्ज केलेल्या हडसन गाड्या चालवून हर्ब थॉमस १९५१ आणि १९५३ साली नॅसकार या शर्यतसंस्थेचा अजिंक्यवीर झाला. डेटोनाची ५०० मैलांची शर्यत १९६१ आणि १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षं स्मोकीच्या पॉन्टियाक गाड्यांनी मारली.

या यशामागचं गुपित साधं होतं. इतर मिस्त्री नियमांचं पुस्तक ‘काय करायचं नाही’ हे पाहायला वाचत. स्मोकी ते ‘काय लिहायचं राहून गेलंय’ हे शोधायला वाचे. पेट्रोलच्या टाकीत किती पेट्रोल मावावं, हे नियमाने ठरवलेलं होतं. पण टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीचं काय? नळीबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं. स्मोकीने दोन इंच जाडीची आणि तब्बल अकरा फूट लांबीची नळी वेटोळी करून बसवली. त्या नळीतच काही लिटर जादा पेट्रोल मावू लागलं. आणखी एक करामत अशी सांगतात, की टाकी नियमापेक्षा मोठी करून तो तिच्यात बास्केटबॉलचा चेंडू फुगवून ठेवी. तपासणीच्या वेळी टाकीचं माप बरोबर भरे. तपासनीस गेले, की चेंडूतली हवा सोडली, झालं!

१९६७ साली त्याच्या काळ्या-सोनेरी शेव्हेल गाडीने डेटोनाच्या पात्रता फेरीत ताशी १८० मैलांचा, म्हणजे सुमारे २९० किलोमीटरचा वेग ओलांडला आणि पहिला क्रमांक पटकावला. आवई उठली, की स्मोकीने मूळ मोटारीपेक्षा लहान आकाराची गाडी बनवली आहे. प्रत्यक्षात गाडी लहान नव्हती. त्याने तळ थोडा वर उचलला होता, छत आणि खिडक्यांत बारीकसारीक फेरफार केले होते. हेतू एकच, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. पुढे अधिकाऱ्यांनी लोखंडी साचेच तयार केले. शर्यतीच्या गाडीचा आकार दुकानातल्या गाडीच्या साच्याशी जुळलाच पाहिजे, असा दंडक आला. स्मोकीने एक फट शोधायची आणि त्यांनी ती बुजवायला नियम करायचा, असा हा वर्षानुवर्षांचा खेळ.

पण त्याला निव्वळ बिलंदर म्हणणं अन्यायाचं होईल. १९६२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी त्याने गाडीवर विमानासारखा पंख बसवून पाहिला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा गाडीला जमिनीवर दाबून धरी. त्यामुळे वळणावर वेग कमालीचा वाढला, पण सरळ रस्त्यावर वाऱ्याचा अडथळा इतका झाला, की एकूण वेळ उलट वाढला. संस्थेने पंखावर तडकाफडकी बंदी घातली. काही वर्षांतच शर्यतीच्या गाड्यांवर पंख सर्रास दिसू लागले, आणि आज फॉर्म्युला वनची गाडी पंखाशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. स्मोकीच्या नावावर अनेक पेटंटं होती. कमी पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनासाठीही त्याने बरीच वर्षं घालवली. ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकातल्या त्याच्या सदरातून सामान्य मोटारमालकांच्या शंकांना उत्तरं मिळत.

या सगळ्या करामतींत त्याची एक कल्पना मात्र कोपऱ्यात पडून राहिली. शर्यतीच्या मैदानाभोवती काँक्रीटची भिंत असते. कच्चं अंडं फरशीवर पडलं तर फुटतं, जाड गोधडीवर पडलं तर बरेचदा वाचतं. गोधडी दबते, अंड्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो आणि धक्का विभागला जातो. भिंत अशी दबणारी का असू नये? साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्मोकीने प्लायवूडच्या फळ्यांमध्ये मोटारींचे जुने टायर घालून तशी भिंत तयार केली. खर्च किरकोळ, माल भंगारातला. पण नॅसकारने ती स्वीकारली नाही.

मग १९६४ साल उजाडलं. ज्याने १९६२ साली स्मोकीच्या गाडीत बसून डेटोना जिंकली होती, तो फायरबॉल रॉबर्ट्स हा त्याचा जिवलग मित्र. २४ मेला शार्लट इथल्या शर्यतीत दुसऱ्या गाडीत असताना रॉबर्ट्सला अपघात झाला. पेट्रोलने पेट घेतला. पाच आठवडे भाजलेल्या जखमांशी झुंजून २ जुलैला तो गेला. तेव्हापासून स्मोकीने चालकांच्या सुरक्षिततेचा ध्यास घेतला. नॅसकारचे सर्वेसर्वा बिल फ्रान्स यांच्याशी त्याचे वारंवार खटके उडाले. दर वेळी त्याचंच म्हणणं मोडीत निघालं, आणि अखेर १९७० साली त्याने नॅसकारला रामराम ठोकला.

मे २००० ते फेब्रुवारी २००१ या दहा महिन्यांत नॅसकारचे चार चालक भिंतीवर आदळून प्राणाला मुकले. शेवटचा होता डेल अर्नहार्ट, या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत तो गेला. स्मोकी तेव्हा त्याच गावात रक्ताच्या कर्करोगाशी झगडत होता. ९ मे २००१ रोजी त्याने डोळे मिटले.

पुढच्याच वर्षी, मे २००२मध्ये, इंडियानापोलिसच्या मैदानात नेब्रास्का विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी तयार केलेली नवी भिंत उभी राहिली. पोलादी नळ्या, मागे फोमचे ठोकळे आणि त्यामागे काँक्रीट. घडण वेगळी, साहित्य वेगळं, पण धक्का स्वतः सोसायचं तत्त्व तेच. मग ती एकेका मैदानात बसत गेली. आज तिच्यावर आदळलेले कितीतरी चालक स्वतःच्या पायांनी चालत गाडीबाहेर येतात.

२०१७ सालच्या ‘कार्स ३’ या बालचित्रपटात स्मोकी नावाचा एक म्हातारा, अनुभवी ट्रक आहे. तो याच मिस्त्रीवर बेतलेला. मुलांनी तो आवडीने पाहिला, तर त्यांना चेंडूची गंमत जरूर सांगावी. आणि जमलं तर हेही, की त्याच्या खोड्या अडवायला अधिकारी लगोलग नवे नियम लिहीत, पण त्याची मऊ भिंत पाहायला कुणाला फुरसत झाली नाही.