रायझर : पकड आणि सुटका

खोल समुद्रात खोदकाम करणारे जहाज आणि तळावरील विहीरमुख यांना जोडणारी पोलादी नळी म्हणजे रायझर. जहाज लाटांवर हेलकावे खात असतानाही ही नळी ताठ राहावी, यासाठी ताणयंत्रणा आणि सरकता सांधा यांची योजना असते. परंतु संकटसमयी तत्काळ सुटणे ही रायझरच्या रचनेची खरी कसोटी होय.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात, सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यावर तरंगणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर स्फोट होऊन ११ जणांचा बळी गेला. आपत्कालीन विलगीकरणाची कळ दाबूनही रायझर सुटला नाही. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि वाकून फुटलेल्या त्याच नळीतून तेल समुद्रात मिसळू लागले. गळती थांबायला ८७ दिवस लागले. सुटकेची यंत्रणा केवळ आराखड्यात असून भागत नाही. वरचा संपर्क तुटल्यावरही ती चालेल, याची खात्री वेळोवेळी चाचणी घेऊनच करावी लागते.