नानीची ओवी कुणी पुसली?

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका लग्नात हळदीच्या रात्री बायका जमल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या खालाजानने ढोलकी पुढ्यात ओढली, दुसरीने तिच्या लाकडावर चमच्याने ठेका धरला. पहिले गाणे सुरू होते न होते तोच घरातला एक शिकलासवरला तरुण आत आला. ‘ही जहालत बंद करा’ म्हणाला आणि ढोलकी उचलून माळ्यावर टाकली. खालाजान काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली. दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोर नवरदेवाच्या मित्रांनी डीजे लावला, खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. तेव्हा तो तरुण कुठेच दिसला नाही. आणि आम्ही? उर्दू शाळेत शिकवणारे, बी.एड. झालेले आम्ही दोन्ही वेळा तिथे हजर होतो आणि दोन्ही वेळा गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची थोडीशी भरपाई म्हणून हे लिहीत आहोत.

खालाजानच्या हातून काय काढून घेतले गेले, हे आधी समजून घ्यावे लागेल. आमच्या लहानपणी कोणता महिना चालू आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरआधी कानाला कळत असे. रमजानमध्ये सहरीला उठवणाऱ्या फकिराची हाक आणि डफ. मोहर्रमचे दहा दिवस टेपरेकॉर्डरवर चादर टाकलेली, घरात फक्त मर्सिया. रबीउल अव्वलला मिलाद आणि नात. लग्नसराईत हळदीची, मेंदीची, व्याह्यांची टिंगल करणारी गाणी आणि शेवटी बिदाईचे गाणे, जे ऐकून पाषाणहृदयी मामाही डोळे पुसायचा. पीठ गिरणीतून येऊ लागले होते, पण डाळ भरडायला नानी जात्यावरच बसे. घरात ती दख्खनी बोलायची; जात्यावर मात्र शेजारच्या बायकांकडून आलेली मराठी ओवी गायची. तीत माहेर होते, भाऊ होता, सासूचा जाच होता. जे बापासमोर आणि नवऱ्यासमोर बोलण्याची सोय नव्हती, ते ती जात्यासमोर बोलत होती.

आज नानी नाही. तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. चेहरा राहिला, आवाज कुठेच राहिला नाही. भरडलेल्या डाळीचा वास आला की ओवीची चाल ओठांवर येते, शब्द येत नाहीत. माणूस आपले आयुष्य तारखांनी लक्षात ठेवत नाही; कोणत्या ऋतूत घरात काय गायले जात होते, त्यावरून लक्षात ठेवतो. ज्या घरातली गाणी गेली, त्या घराची आठवणही अर्धी गेली.

‘पण हे सारे दीनच्या विरुद्ध आहे,’ असे म्हणणाऱ्यांना आमचा नम्र सवाल आहे. ईदच्या दिवशी हजरत आयशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बकर त्यांना रागावले, तेव्हा प्रेषितांनीच त्या मुलींना गाऊ द्यायला सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. आम्ही ती कुठून उकरून काढलेली नाही. वाद्यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्याला वाद्य नको त्याने ते वाजवू नये, त्याच्या मताचा आम्ही आदर करतो. पण जात्यावरच्या ओवीत जात्याच्या घरघरीखेरीज कोणते वाद्य होते? आणि बंदीचा हा बडगा साठी-सत्तरीच्या बायांवरच का उगारला जातो? डीजेच्या भिंतीपुढे फतवा मुका होतो आणि खालाजानच्या ढोलकीपुढे त्याला कंठ फुटतो. याला आम्ही दीनदारी म्हणत नाही. ही दुर्बळावर चालवलेली मर्दुमकी आहे.

इतिहास तर याहून बोलका आहे. विजापूरच्या सूफींनी दख्खनी भाषेत चक्कीनामा आणि चरखानामा असे काव्यप्रकार रचले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी गावे, फिरणाऱ्या खुंट्याबरोबर अल्लाहचे नाव घ्यावे, यासाठी! जिला मदरशाची पायरी चढता येत नव्हती, तिच्यापर्यंत दीन जात्यावरून पोहोचला. म्हणजे ज्या जात्याने आमच्या आज्यांना कलमा शिकवला, त्याच जात्यावरच्या गाण्याला आम्ही आज जहालत म्हणतो.

बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अवघा महाराष्ट्र जागवला. त्या शाहिराच्या कानावर पहिली ओवी पडली ती आई मुनेरबीची. तिच्या जात्यावर कुणी चादर टाकली असती तर? मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती वाद्ये घडवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच शिकलगार घराण्यांतले. त्याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही गाणे होते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ मोहर्रमच्या दिवसांत मैफलीची सनई खाली ठेवत आणि आठव्या तारखेला तीच सनई घेऊन नोहा वाजवत, रडत, पायी चालत. कधी वाजवायचे आणि कधी थांबायचे, ही शिस्त आमच्या परंपरेतच होती. ती बाहेरून कुणी येऊन शिकवण्याची गरज नव्हती.

दोष फक्त मौलवींच्या माथी मारून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. दुसरा गुन्हेगार आम्ही आहोत, उर्दूचे मास्तर. वर्गात आम्ही मुलांचे ‘नक्को’ आणि ‘हौ’ खोडले, शीन-काफ दुरुस्त केला. ते कामच होते. पण त्याबरोबर नकळत हेही शिकवले की नानीची बोली म्हणजे बिघडलेली उर्दू आणि तिचे गाणे म्हणजे अडाण्यांचे गाणे. लखनौच्या गझलेवर आम्ही तासन्‌तास बोललो. चक्कीनाम्यावर एक तास खर्च केला नाही. मुलाला घराची लाज वाटायला लावणारी शाळा कितीही शुद्ध उच्चार शिकवो, ती नापासच!

तिसरी तक्रार आमच्या मराठी बांधवांविषयी. सांस्कृतिक कार्यक्रम असला की ‘तुमच्याकडची एखादी कव्वाली होऊन जाऊ द्या’ अशी फर्माईश येते. कव्वालीचे आम्हाला वावडे नाही. पण आमची नानी ओवीही गात होती, हे सांगितले की समोरचा चकित होतो, जणू आम्ही त्याच्या घरातली वस्तू उचलून आणली! हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. असे काम आमच्या मोहल्ल्यांत आम्ही स्वतः का करू नये? कुणाची वाट पाहत आहोत?

मागच्या रमजानच्या सुटीत आम्ही सातवीच्या मुलांना एक काम दिले होते : दादी-नानीकडून एक गाणे लिहून आणा. वर्गात एक्केचाळीस मुले. गाणे घेऊन आली नऊ. ‘दादी को याद नहीं’ असे काहींनी सांगितले, ‘अब्बा ने मना किया’ असेही काहींनी सांगितले. एका मुलीने अम्मीच्या मोबाइलवर नानीचा आवाज भरून आणला होता. मध्येच कुकरची शिट्टी, मग नानी थांबते, हसते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सारा वर्ग चिडीचूप ऐकत होता. तेवढा वेळ कुणाला दख्खनी अशुद्ध वाटली नाही.

नऊ गाणी ही कमाई फार मोठी नाही. पण उरलेल्या बत्तीस घरांत अजून कुणी ना कुणी म्हातारी आहे आणि तिच्याकडे फार वर्षे नाहीत. म्हणून सुशिक्षित म्हणवणाऱ्या आमच्या भावा-बहिणींना विनंती नव्हे, आग्रहाचे सांगणे आहे : वही घ्या, मोबाइल घ्या, तिच्यापुढे बसा. उच्चार सुधारू नका, मध्ये बोलू नका. आणि माळ्यावर टाकलेल्या ढोलक्या खाली काढा. धूळ आम्ही पुसू. ती तिथे चढली तेव्हा गप्प बसलेले आम्हीच होतो.