लसीआधी संमती हवी

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हा परिसर कारभाराने तेलंगणात असला, तरी बोलण्याचालण्यात आजही बराचसा मराठी आहे. तेथील आईपुढे मुलीच्या लसीचा कागद आला, तर तो कोणत्या भाषेत असेल आणि त्यावर सही कोण करील, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लढ्याचे यश पुष्कळसे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

एच.पी.व्ही. या विषाणूपासून उद्भवणारा हा रोग देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना ग्रासतो. त्यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ मध्ये आली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. विज्ञानाने आपले काम केले. आता कसोटी राज्यकर्त्यांची आहे.

२००९ मध्ये खम्मम जिल्ह्यात सुमारे १४ हजार मुलींना ही लस प्रायोगिक प्रकल्पात देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही; परंतु अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. लस निर्दोष ठरली, पण विश्वास गेला.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा रुग्णालय व बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल पुढे आक्षेपही घेतले गेले. म्हणजे जगाला मिळालेले हे ज्ञान खेड्यातील गरीब स्त्रियांच्या देहांवर सिद्ध झाले आहे. त्याचे पहिले फळ त्यांच्याच लेकींना मिळणे हा उपकार नव्हे, ते ऋण फेडणे आहे.

कोकणातील पुष्कळ घरांत सैनिकी परंपरा आहे आणि निवृत्त सैनिकांची २००३ पासूनची अंशदायी आरोग्य योजना त्या घरांना परिचित आहे. हा विषाणू पुरुषांनाही घशाचा कर्करोग देऊ शकतो, हे मात्र तेथेही थोड्यांनाच ठाऊक असेल. रोग जडल्यावर खर्च उचलणे वेगळे आणि तो जडू न देणे वेगळे. सैनिकाच्या मुलीला जे संरक्षण हवे, तेच बेला येथील कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीच्या मुलीलाही हवे.

म्हणून संमतिपत्र आईच्या भाषेत असावे. जिला वाचता येत नाही, तिला ते आशा कार्यकर्तीने समजावून सांगावे. शंकांना उत्तरे मिळावीत, आणि नाही म्हणणाऱ्या आईला कोणी धमकावू नये. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तपासणीही याबरोबरच व्हावी, कारण लस त्यांच्यासाठी उशिरा आली आहे. एवढे केले, तर खम्ममची पुनरावृत्ती होणार नाही. नागरिकाला विश्वासात घेण्यास लागणारा वेळ हा अपव्यय नव्हे. लोकशाहीत कारभाराची ती पहिली पायरी आहे.