वणवा विझवायला गाव, निर्णयाला मात्र कोणी विचारत नाही

अजिंठा : डोंगराला वणवा लागला की आधी धावतो तो गुराखी अन् शेजारचा शेतकरी. पण जंगलाचं काय करायचं हे ठरवताना गाव बाजूला राहतं. सिल्लोड, सोयगाव, कन्नडच्या डोंगरपट्ट्यात हेच चित्र आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात यावर वाट आहे. गावानं पिढ्यान् पिढ्या राखलेल्या जंगलाचं रक्षण अन् व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळवला. २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकते. राखणही गावाची, कमाईही गावाची.

आपल्याकडे अडचण वेगळी. भिल्ल, तडवी, ठाकर अनुसूचित जमातीत येतात. बंजारा तांडे येत नाहीत. म्हणून तांड्याला ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. कागद नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. जुन्या जाणत्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, स्मशान, देवस्थान हेही पुरावे धरले जातात. मात्र एकाहून जास्त पुरावे जोडावे लागतात.

ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, अन् हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सरपणासाठी रोज डोंगर चढणाऱ्या बायांइतकी जंगलाची हद्द दुसरं कोण सांगणार?

हक्काशिवाय राखण म्हणजे वेठ. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत सामूहिक वनहक्काचा विषय आहे का, हे ग्रामसेवकाला आजच विचारा.