जागा विकली, गीत कोणाचे?

चेंबूरचा १९४८ चा आर. के. स्टुडिओ २०१७ मध्ये आगीत होरपळला; २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. जमिनीच्या खरेदीखताने चित्रपटांचा स्वामित्वहक्क मात्र आपोआप हस्तांतरित होत नसतो. १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, त्याचा पहिला धनी निर्माता. मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्मात्याच्याच पारड्यात माप टाकले. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील समान वाटा गीतकार-संगीतकारांकडून करारानेही हिरावता येऊ नये, ही तरतूद २०१२ ची. पस्तीस वर्षे लागली! आपल्या घरातील लिहित्या तरुणांनी सही करण्यापूर्वी करारातील मुदत आणि प्रदेश अवश्य पाहावेत. त्यांचा उल्लेखच नसेल, तर कायदा पाच वर्षे आणि भारत एवढेच गृहीत धरतो.